जीन्सची यादी आली खरी, पण सॅम्पल कधीचं?

"स्पायना बायफिडाशी संबंधित अमुक इतके जीन्स सापडले" अशी बातमी आली की मी आधी एकच गोष्ट शोधते, सॅम्पल कधी घेतलं होतं. किती जीन्स, कुठलं मशीन, कुठलं जर्नल हे सगळं नंतर. कारण बाळाच्या पाठीत मज्जारज्जू पोटातच उघडा राहतो अशा या आजारात सगळा खेळ तारखांचा आहे आणि बातमीत नेमकी तारीखच गाळलेली असते.

माझं पोटापाण्याचं काम आरएनए डेटाचं आहे. लॅबवाले सॅम्पल काढतात, सीक्वेन्सिंगला देतात आणि माझ्याकडे येतो तो एक भलामोठा तक्ता, एका बाजूला वीसेक हजार जीन्स, दुसऱ्या बाजूला सॅम्पल्स, प्रत्येक चौकटीत एक आकडा. मी डॉक्टर नाही हे आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर लोक इनबॉक्समध्ये सोनोग्राफीचे रिपोर्ट टाकतात आणि मला त्यातलं काही कळत नाही.

तर आधी तारखा. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीच्या बाजूला पेशींची एक चपटी पट्टी तयार होते, तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, मधे खोलगट होतं, मग कडा एकमेकींकडे वळतात, टेकतात, चिकटतात आणि त्याची नळी होते. ही न्यूरल ट्यूब. वरच्या भागाचा मेंदू होतो, खालच्याचा मज्जारज्जू. चिकटायला सुरुवात होते साधारण २२व्या दिवशी, डोक्याकडचं तोंड बंद होतं २५व्या दिवसाच्या आसपास आणि खालचं २८व्या दिवसापर्यंत. बास, संपलं. २८वा दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, कित्येक बायकांनी तोवर टेस्टसुद्धा केलेली नसते. वरचं तोंड उघडं राहिलं तर अॅनेनसेफली, त्यात बाळ जगत नाही. खाली कुठे उघडं राहिलं तर ओपन स्पायना बायफिडा, म्हणजे त्या जागी मणक्यांची कमान बनत नाही, मज्जारज्जू उघडा पडतो, कुठे पातळ पिशवीसारखा फुगवटा असतो त्याला मायलोमेनिंगोसील म्हणतात. पायातली ताकद, लघवी-शौचावरचा कंट्रोल, मेंदूत पाणी साठणं, हे सगळे पुढचे प्रश्न त्या छोट्याशा फटीतून सुरू होतात. जगभरात ढोबळमानाने हजार जन्मांमागे एक असं या सगळ्या प्रकारांचं मिळून प्रमाण सांगतात, ठिकाणाप्रमाणे बरंच कमीजास्त.

आता प्रॉब्लेम कळला का? ज्या दिवसांत बिघाड होतो त्या दिवसांतला माणसाचा गर्भ अभ्यासाला मिळणं जवळजवळ अशक्य. जे मिळतं ते नंतरचं. सोनोग्राफीत दोष दिसतो साधारण अठरा-वीस आठवड्यांना, आता काही ठिकाणी थोडा आधी, गर्भजल घेतलं जातं तेव्हा किंवा त्याच्याही नंतर, मज्जारज्जूचा तुकडा मिळाला तर गर्भपातानंतर. म्हणजे घटना घडून गेल्यावर तीन-चार महिन्यांनी. पूर ओसरल्यावर गावातला गाळ तपासायचा आणि बांध नेमका कुठे आणि का फुटला ते सांगायचं, असं हे काम आहे. गाळातून पुष्कळ काही कळतं, नाही असं नाही, पण जे कळतं ते बहुतेक पुराबद्दल कळतं, बांधाबद्दल नाही.

थोडं मागे जाऊन, जीन एक्स्प्रेशन म्हणजे काय ते सांगते कारण इथेच घराघरात गोंधळ होतो. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए तोच असतो. पण कुठल्या पेशीत कुठला जीन किती वाचला जातो, म्हणजे त्याच्या आरएनए प्रती किती निघतात, ते वेगळं असतं आणि तासातासाला बदलतं. त्यालाच एक्स्प्रेशन म्हणायचं. माझ्या मावसबहिणीने मागे अशीच एक बातमी फॉरवर्ड केली आणि फोनच केला, "ताई, म्हणजे हे आनुवंशिक असतं का गं? त्या अमक्यांच्या सुनेच्या माहेरून आलं असणार, सासूबाई म्हणतच होत्या." मी म्हटलं अगं थांब, एक्स्प्रेशन बदललं म्हणजे जीन खराब आहे असं नाही, आणि जीन खराब असला तरी तो माहेरचाच कशावरून, बाळाचे अर्धे जीन्स सासूबाईंच्या मुलाकडून आलेत हे त्यांना कोणीतरी सांगा. ताप आला तरी हजारो जीन्सचं एक्स्प्रेशन बदलतं. जखम झाली, उपाशी राहिलात, झोप झाली नाही, बदलतं. ज्या घरात एक बाळ असं झालंय तिथे पुढच्या वेळी धोका दोन-तीन टक्क्यांपर्यंत जातो हे खरं आहे, म्हणजे वारशाचा हात आहेच, पण तो बहुतेक वेळा एका जीनचा नसतो आणि एक्स्प्रेशनच्या यादीतून तो सरळ वाचताही येत नाही.

मग एक्स्प्रेशन बदलल्यामुळेच दोष झाला असं ठामपणे कधी म्हणता येतं? याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण उंदराचं आहे. कर्ली टेल नावाची उंदरांची एक जात आहे, १९५० च्या दशकापासून लॅबमध्ये पाळली जाते. नावाप्रमाणे शेपूट वळलेली. यातल्या साधारण पंधरा-वीस टक्के पिल्लांना ओपन स्पायना बायफिडा होतो, निम्म्याच्या आसपास पिल्लांची नुसती शेपूट वळते आणि बाकीची एकदम नॉर्मल. गंमत म्हणजे सगळ्यांचा जीनोटाइप, म्हणजे जीन्सचा संच, तोच! एकाच कळपातली भावंडं, एकाला पाठीत फट, एकाला वाकडी शेपूट, एक ठणठणीत. (हे वाचल्यावर "जीन असला की आजार होतोच" वाल्यांना मी हीच उंदरं दाखवते.)

यात दोषी निघाला तो जीआरएचएल-३ नावाचा जीन, पूर्ण नाव ग्रेनीहेड-लाइक-३. आणि कर्ली टेलमध्ये या जीनचा प्रोटीन बनवणारा भाग अगदी धडधाकट आहे, त्यात काही चूक नाही. फक्त एक्स्प्रेशन कमी आहे. बिघाड जीनच्या आत नसून बाहेर, त्याला चालू-बंद करणाऱ्या भागात आहे. म्हणजे नेहमीच्या पद्धतीने नुसता प्रोटीनचा भाग वाचून काढला असता तर "सगळं नॉर्मल" असा रिपोर्ट आला असता. २००७ मध्ये संशोधकांनी या उंदरांना जीआरएचएल-३ ची जास्तीची प्रत दिली, एक्स्प्रेशन वाढलं आणि स्पायना बायफिडा टळला. हा खरा पुरावा! कमी होतं, भरून काढलं, दोष गेला. नुसतं "आजारी गटात कमी दिसलं" याला काही किंमत नाही असं मी म्हणत नाही, पण त्या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

आणि एक्स्प्रेशन कमी झालं ते कुठे, तर इथे मला ही गोष्ट फारच भारी वाटते. फट पडते ती न्यूरल ट्यूबमध्ये, पण कर्ली टेलमध्ये गडबड मुख्यतः ट्यूबच्या खाली, मागच्या आतड्याच्या पेशींमध्ये असते. त्या पेशी हळू वाढतात, वरची न्यूरल पट्टी आपल्या नेहमीच्या वेगाने वाढते, त्यामुळे गर्भाचं मागचं टोक पोटाकडे वाकतं, आणि पाठ अशी ताणली गेली की कडा एकमेकींपर्यंत पोचतच नाहीत. हे सिद्ध कसं केलं माहितीये? १९९१ च्या एका प्रयोगात गर्भाच्या त्या इवल्याशा आतड्यात पापणीच्या केसाचं टोक घातलं. खरंच, पापणीचा केस! तो आत आधारासारखा राहिला, शेपटीकडचा भाग वाकला नाही आणि ट्यूब व्यवस्थित बंद व्हायला लागली. जीन तोच, एक्स्प्रेशन तेवढंच कमी, केसाने वाक सरळ केला तर दोष टळतो. मायक्रोस्कोपखाली काही मिलिमीटरच्या गर्भाच्या आतड्यात केस सरकवणाऱ्या त्या हातांना माझा साष्टांग नमस्कार, माझ्याच्याने सुईत दोरा ओवला जात नाही.

आता विचार करा, कोणी या गर्भाचा फक्त मज्जारज्जू कापून आरएनए काढला असता तर आतड्यातली ही गडबड दिसली असती का? नसती. म्हणून तारखेनंतरचा माझा दुसरा प्रश्न असतो, सॅम्पल कुठल्या टिश्यूचं.

तिसरा प्रश्न प्रमाणाचा. कमी एक्स्प्रेशन वाईट म्हटल्यावर जास्त चांगलं असेल असं वाटतं ना, तसं नाहीये. याच जीआरएचएल-३ चं एक्स्प्रेशन प्रमाणाबाहेर वाढवलं तरी उंदरांना स्पायना बायफिडा होतो, हे पुढे दाखवलं गेलं. त्याच्या भावाचं, जीआरएचएल-२ चं, तसंच, जास्त झालं की पाठ उघडी राहते. सोनिक हेजहॉग नावाच्या जीनचा सिग्नलही असाच, तो अजिबात नसला तर बाकी अनर्थ होतो पण मणक्याच्या भागातली ट्यूब बंद होते, आणि तो नको तितका चालू राहिला तर कडा वळायच्या जागाच तयार होत नाहीत आणि ट्यूब उघडी राहते. त्यामुळे यादीत लाल रंग म्हणजे वाढलेलं आणि निळा म्हणजे घटलेलं एवढंच समजायचं, लाल वाईट आणि निळं चांगलं असं काही नसतं.

बाहेरून एक्स्प्रेशन बिघडवणाऱ्या गोष्टींची दोन उदाहरणं तरी नीट माहिती आहेत. एक व्हॅल्प्रोएट, फिट्सचं औषध. १९८२ मध्ये फ्रान्समधून पहिल्यांदा याची धोक्याची सूचना आली, गरोदरपणात सुरुवातीला हे चालू असेल तर स्पायना बायफिडाचा धोका एक-दोन टक्क्यांवर जातो, म्हणजे नेहमीच्या दहा-वीस पट. जवळजवळ वीस वर्षांनी, २००१ मध्ये कळलं की हे औषध हिस्टोन डीअॅसिटिलेज नावाच्या एन्झाइम्सना अडवतं. डीएनए ज्या प्रोटीनभोवती गुंडाळलेला असतो तिथली पकड त्यामुळे सैल होते आणि जे जीन्स गप्प असायला हवेत ते वाचले जातात, एकाच वेळी भरपूर जीन्सची वेळापत्रकं हलतात. दोष होण्यामागे हे मोठं कारण मानलं जातं. (फिट्सचं औषध स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, गर्भारपणातली फिटही जीवघेणी असते, प्लॅनिंगच्या आधी न्यूरॉलॉजिस्टशी बोलायचं.) दुसरं उदाहरण डायबिटीस. डायबिटीस असलेल्या उंदरिणींच्या गर्भांमध्ये पॅक्स-३ नावाच्या जीनचं एक्स्प्रेशन ट्यूब बंद व्हायच्या नेमक्या वेळी घटतं. पॅक्स-३ चं एक काम म्हणजे पेशींना मरायला लावणाऱ्या पी-५३ ला लगाम घालणं, तो लगाम सुटला की ट्यूबच्या कडेच्या पेशी मरायला लागतात. आणि इथेही पुरावा पक्का केलाय, पी-५३ काढून टाकला तर पॅक्स-३ नसतानाही ट्यूब बंद होते. म्हणून शुगर कंट्रोलमध्ये आणायची ती दिवस राहायच्या आधी, पहिल्या तपासणीला गेल्यावर नाही.

परत गाळाकडे येते, कारण तो टाकाऊ अजिबात नाही. गर्भजलात बाळाच्या पेशींमधून सुटलेला आरएनए तरंगत असतो, तो गोळा करून वाचता येतो आणि मायलोमेनिंगोसील असलेल्या बाळांचा आणि इतरांचा असा आरएनए ताडून बघितला गेलाय. त्यात फरक दिसतात. पण अठरा-वीस आठवड्यांना मज्जारज्जू कित्येक आठवडे गर्भजलात उघडा पडलेला असतो, घासला जातो, सुजतो, मज्जापेशी मरतात. तेव्हा यादीत सूज आणि मज्जापेशींचे जीन्स दिसले तर त्याचा अर्थ "यांनी ट्यूब उघडी ठेवली" असा नाही, "उघड्या ट्यूबचं आत्ता काय चाललंय" असा आहे. आणि ते कळणं फार कामाचं आहे, कारण नुकसान दोन टप्प्यांत होतं, आधी ट्यूब बंद न होणं आणि मग उघड्या मज्जारज्जूची महिनोन्महिने होणारी झीज. पहिला टप्पा हातातून गेलेला असतो, दुसरा नसतो. याच हिशोबाने पोटातच ऑपरेशन करून पाठ शिवायची कल्पना आली. अमेरिकेतल्या मॉम्स ट्रायलचे निकाल २०११ मध्ये आले, २६ आठवड्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या बाळांपैकी ४० टक्क्यांना वर्षभरात शंट (मेंदूत साठलेलं पाणी काढणारी नळी) टाकावा लागला, जन्मानंतर ऑपरेशन झालेल्यांमध्ये ८२ टक्क्यांना. अडीच वर्षांचं असताना आधाराशिवाय चालणारी मुलं ४२ टक्के विरुद्ध २१ टक्के. वेळेआधी डिलिव्हरी आणि आईच्या गर्भाशयावरची जखम ही किंमत आहेच, आणि ती किंमत लहान नाही. पण फरक इतका स्पष्ट होता की ट्रायल लवकर थांबवली. आता कुठल्या बाळाचा मज्जारज्जू अजून बराच शाबूत आहे आणि कुठल्याचा नाही हे आरएनएवरून सांगता आलं, तर कोणाला ऑपरेशनचा फायदा होईल ते ठरवायला मदत होईल. यादीचा खरा उपयोग मला तिथे दिसतो.

तसं बघितलं तर परिणाम मोजून निदान करणं नवीन नाहीच. १९७२ पासून माहिती आहे की असं बाळ असेल तर गर्भजलात अल्फा-फीटोप्रोटीन वाढतं. ते बाळाच्या उघड्या जागेतून झिरपतं म्हणून वाढतं, त्याचा जीन काही बिघडलेला नसतो. पुढे तीच तपासणी आईच्या रक्तावर आली. कारण न सापडताही पन्नासेक वर्षं ती कामाला येतेय.

आता थोडी माझ्या धंद्यातली कुरकुर. वीस हजार जीन्स तपासले आणि पाच टक्क्यांची नेहमीची कसोटी लावली तर काहीही फरक नसताना हजारेक जीन्स "बदललेले" निघतात, नुसत्या योगायोगाने. हे सुधारायची गणितं आहेत आणि सगळे ती लावतात. पण गणिताने न सुटणाऱ्या गोष्टी जास्त छळतात. समजा एका गटाचे सॅम्पल्स १८ आठवड्यांचे आणि दुसऱ्याचे २१ चे, तर निम्मी यादी आजाराची नसून तीन आठवड्यांच्या वाढीची असते. समजा एका गटात मुली जास्त, तर यादीच्या माथ्यावर एक्सिस्ट नावाचा जीन ऐटीत बसलेला असतो, जो मुलींमध्येच चालू असतो, आणि त्याच्याखाली वाय क्रोमोसोमची सगळी मंडळी. अॅनेनसेफली मुलींमध्ये जास्त असते, त्यामुळे या विषयात असं होणं अगदी सहज शक्य आहे. आणि सगळ्यात फसवं म्हणजे पेशींची सरमिसळ. झिजलेल्या मज्जारज्जूत मज्जापेशीच कमी उरल्या असतील तर मज्जापेशींचे सगळे जीन्स "घटलेले" दिसणार, भले उरलेल्या प्रत्येक पेशीत ते अगदी नॉर्मल चालू असोत. आता एकेका पेशीचा आरएनए वेगळा वाचता येतो म्हणून हा घोळ कमी झालाय. तरी पेपरच्या शेवटी "पुढील अभ्यासाची गरज आहे" असं लिहिलेलं असतं आणि बातमीत ते वाक्य कधीच येत नाही.

फॉलिक ॲसिडबद्दल लोक विचारतात की ते नेमका कुठला जीन चालू करतं. एकच असा नाही. फोलेटपासून डीएनएचे तुकडे बनतात, म्हणजे भराभर विभागणाऱ्या पेशींना ते लागतंच, आणि त्याच साखळीतून मिथाइल गट मिळतात जे डीएनएवर बसून जीन्सना गप्प करतात, त्यामुळे एक्स्प्रेशनवर परिणाम दोन्ही वाटांनी होऊ शकतो. यातली कुठली वाट किती महत्त्वाची यावर अजून वाद आहेत, पण गोळी त्या वादावर अडलेली नाही. १९९१ च्या ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या ट्रायलमध्ये आधी असं बाळ झालेल्या बायकांना रोज ४ मिलिग्रॅम दिलं, पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. पुढच्याच वर्षी हंगेरीतल्या अभ्यासाने दाखवलं की आधी असं काही न झालेल्या बायकांनाही फायदा होतो. आता साधारणपणे रोज ४०० मायक्रोग्रॅम सांगतात, दिवस राहायच्या किमान महिनाभर आधीपासून, आणि आधी असं बाळ झालं असेल तर डॉक्टर दहापट डोस देतात. १९९८ पासून अमेरिकेत तर धान्याच्या पिठातच घालणं सक्तीचं केलं.

पण ७२ टक्के टळले तर उरलेल्या २८ टक्क्यांचं काय? इथे परत उंदीर. पॅक्स-३ बिघडलेल्या उंदरांमध्ये फॉलिक ॲसिडने बरेच दोष टळतात. कर्ली टेलमध्ये काही फरक पडत नाही, तिथे इनोसिटॉल नावाचं दुसरंच द्रव्य काम करतं, हे १९९७ मध्ये दिसलं. आणि जीआरएचएल-३ कमी नसून पूर्णच नसेल तर इनोसिटॉलही हात टेकतं. बाहेरून बघाल तर तिन्ही पिल्लांच्या पाठीत तशीच फट. माणसातही असंच असणार, शेकडो वाटांनी एकाच फटीपर्यंत पोचता येतं, उंदरांतच दोनशेच्या वर असे जीन्स माहिती आहेत. २०२४ मध्ये आणखी एक वाट नीट दिसली, २२व्या क्रोमोसोमचा एक छोटा तुकडा गळालेला असेल तर मायलोमेनिंगोसीलचा धोका बराच वाढतो. त्या तुकड्यातल्या सीआरकेएल या जीनवर संशय गेला, उंदरांत तो एकटा काढला तरी ट्यूब उघडी राहू शकते आणि आईच्या आहारात फोलेट कमी असेल तर प्रमाण आणखी वाढतं. जीन, प्रमाण आणि आहार तिन्ही एकाच प्रयोगात.

इनोसिटॉलची माणसांवर ब्रिटनमध्ये एक छोटी ट्रायल झालीये, २०१६ मध्ये छापून आली. आधी असं बाळ झालेल्या बायकांना फॉलिक ॲसिडच्या जोडीला दिलं, वाईट परिणाम दिसले नाहीत, पण बायका इतक्या थोड्या होत्या की उपयोग होतो का नाही हे त्यावरून ठरवताच येत नाही. पीसीओएससाठी ते आधीच बऱ्याच जणी घेतात त्यामुळे कमेंटमध्ये "मग आम्ही चालू ठेवू का" हा प्रश्न येणार हे मला माहितीये. त्याचं उत्तर तुमच्या डॉक्टरांकडे, आणि विचारायला जाल तेव्हा फॉलिक ॲसिड चालू आहे ना, किती डोसचं, तेही त्यांना सांगा, कारण इनोसिटॉल चालू केलं म्हणून ते बंद करायचं असं अजून कोणीही दाखवून दिलेलं नाही.